रत्नागिरीजवळ गावी स्लॅबचं घर आहे, मे महिन्यात रात्रीसुद्धा झोप लागत नाही. कूलर घ्यावा की एसी? आणि बिल कसं आवरायचं?

तुम्ही लिहिलंय की आईबाबा गावी असतात, कौलं काढून स्लॅब टाकला आणि आता रात्री दोन वाजता पण खोली तापलेलीच असते. मी राजापूरकडचा, आमच्या वाडीत निम्मी घरं अशीच झालीयत त्यामुळे हे रोज बघतोय.

आधी एक, कूलर घेऊ नका. दुकानदार काहीही सांगू दे. नागपूरला कूलर चालतो कारण तिथली हवा कोरडी, पाणी झटक्यात उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपासच, पण हवा दमट, अंगावरचा घामच उडत नाही तर कूलरच्या जाळीवरचं पाणी कुठून उडणार? उलट खोलीत आणखी ओल वाढते, कपाटातले कपडे बुरसटतात. त्याच कारणाने ओल्या चादरी खिडकीला लावणं, दुपारी खोलीत पाणी शिंपडणं वगैरे जे सगळीकडे सांगतात ते पण आपल्यासाठी नाही.

आपल्याकडे दोनच गोष्टी कामाच्या, छपरावर ऊन पडू न देणं आणि अंगाला वारा लागणं. जुन्या घरात हे आपोआप व्हायचं, जाड चिऱ्याच्या भिंती, उंच कौलं, कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जायची, आणि खाली पोटमाळा असला तर माजघरात ताप पोचायचाच नाही. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत खाली सोडत राहतो. (लोकांनी कौलं का काढली तेही समजतं, दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही आणि माकडं कौलं ठेवत नाहीत.)

म्हणून जे काय पैसे घालाल ते आधी स्लॅबच्या वर घाला. सगळ्यात स्वस्त म्हणजे गच्चीवर बांबू बांधून त्यावर झापांचा, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा मांडव, नारळ घरचेच असतील तर खर्च मजुरीचाच. स्लॅबपासून निदान माणूस उभा राहील एवढा उंच ठेवा म्हणजे मधून वारा फिरतो, आणि मिरगाच्या आधी उतरवून घ्या. सुकी झापं पेट घेतात, लाईटच्या वायरी जवळ नकोत. कायमचं करायचं तर पत्र्याची शेड, तशी ती गळतीसाठी बरेच जण करतातच, फक्त चारी बाजू बंद करू नका, नाहीतर पत्र्याखालीच गरम हवा कोंडून राहते. पत्रा फिक्या रंगाचा घ्या, आणि बांधणी पक्की करून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग पण चांगला फरक पाडतो, पण पावसात शेवाळ धरून गच्ची काळी होते, म्हणजे पावसाळ्यानंतर घासून पुन्हा हात मारावा लागतो. गच्चीवर पाणी मारायचा सल्ला मी देणार नाही, मे मध्ये विहीर तळाला गेलेली असते, ते पाणी झाडांना जाऊ दे.

दुसरं वारा. दुपारी खारा वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि तीननंतर ऊनही तिकडूनच येतं, हीच आपल्याकडची अडचण. आतून जाड पडदा लावला की वारा गेला आणि काच तापायची ती तापतेच. त्यापेक्षा खिडकीच्या बाहेर, दोन-तीन फूट लांब, हिरवी जाळी किंवा बांबूची चटई टांगा, ऊन अडतं, वारा बाजूने येतो. समोरची पूर्वेकडची खिडकी उघडी पाहिजे, वारा बाहेर पडायला जागा नसेल तर तो आत येतच नाही. रात्री मतलई वारा उलट दिशेने आणि जरा मंद असतो तेव्हा दोन्ही बाजू उघड्याच ठेवायच्या, डासांसाठी जाळ्या लावून घ्या.

बिलाचं बोलायचं तर आधी पंखे बदला. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला जुन्यांचे १०८ युनिट, नव्यांचे ४३. महावितरणचा दर १०० युनिटच्या वर आणि मग ३०० च्या वर चढतो, त्यामुळे हे ६५ युनिट वरच्या महागड्या दरातले वाचतात. आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पण हे पंखे खूप जास्त वेळ चालतात, गावाला ते जास्त महत्त्वाचं.

हे सगळं करूनही आईबाबांच्या वयाला दमटपणा सोसत नसेल तर एसी जरूर घ्या, त्यात काही चूक नाही, तो हवेतली ओल काढतो आणि आपल्याला हवं ते तेवढंच आहे. एकाच झोपायच्या खोलीला, इन्व्हर्टर एसी (लाईट गेल्यावरचा इन्व्हर्टर नव्हे, गरजेप्रमाणे कमी-जास्त चालणारा एसी), २६-२७ वर ठेवून सोबत पंखा हळू चालू. एक डिग्री वर ठेवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईचंच, म्हणजे वीजबचतीचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचंच म्हणणं आहे. बाहेरचं युनिट सावलीत बसवा आणि कॉईल तांब्याची, गंजरोधक कोटिंगवाली आहे ना ते विचारून घ्या, खारी हवा साध्या कॉईलला फार टिकू देत नाही.