शीर, नस आणि स्नायू : चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संदर्भात

एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या मुलाच्या डोक्याला खोक पडली, तेव्हा ‘शीर तुटल्यामुळे इतके रक्त गेले’ असे त्यांना सांगण्यात आले. पुढे एका नातलगांचे तोंड एका बाजूला वाकडे झाले, तेव्हा ‘चेहऱ्याची शीर दबली आहे’ असे कानावर आले, आणि त्याच आजाराविषयी वर्तमानपत्रात ‘चेहऱ्याचे स्नायू निकामी होतात’ असे वाचायला मिळाले. तेव्हा शीर म्हणजे रक्ताची नळी की मेंदूकडून येणारा तंतू, आणि स्नायू या शब्दाने नेमके काय घ्यायचे, असे त्यांनी विचारले आहे.

बोलीभाषेपुरते उत्तर असे की शीर हा शब्द या दोन्हींसाठी चालत आला आहे, आणि त्यात बोलणाऱ्यांची काही चूक नाही. कातडीखाली डोळ्यांना दिसणारी किंवा हाताला लागणारी लांबट, ताणलेली कोणतीही गोष्ट म्हणजे शीर, इतकाच तिचा बोलीतला अर्थ आहे. म्हणून तर पानालाही शिरा असतात. गळ्याच्या शिरा ताणून कोणी ओरडतो तेव्हा त्याच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि स्नायूही ताठ होतात, पण ऐकणाऱ्याला त्यांत फरक करण्याची गरज पडत नाही. नस या शब्दाची व्याप्ती तर याहूनही मोठी आहे. सुई टोचण्यासाठी परिचारिकेला सापडत नाही ती नस म्हणजे रक्तवाहिनी, कमरेत दबते ती नस म्हणजे मेंदूशी जोडलेला तंतू, आणि नसबंदीतली नस या दोहोंपेक्षा वेगळी, म्हणजे शुक्रवाहिनी.

संस्कृतात मूळ शब्द सिरा किंवा शिरा असा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘ध्मानाद्धमन्यः स्रवणात् स्रोतांसि सरणात् सिराः’ अशी व्युत्पत्ती दिलेली आहे : जिच्यातून काही सरते, वाहते ती सिरा. म्हणजे शिरेचा संबंध मुळापासूनच वाहण्याशी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरा 700, धमन्या 24, स्नायू 900 आणि पेशी 500 अशी वेगवेगळी गणना आढळते. तिथल्या धमनीचा अर्थ आजच्या धमनीशी तंतोतंत जुळत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे; आपण जुना शब्द घेऊन त्याला नवा, नेमका अर्थ दिला आहे.

स्नायूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. फळ्या जोडून बनवलेली नाव बंधनांनी घट्ट आवळली म्हणजे पाण्यात भार सोसते, त्याप्रमाणे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो, असे सुश्रुत सांगतो. तेव्हा त्याचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू होय, आणि ज्याला आज आपण स्नायू म्हणतो त्या आकुंचन पावणाऱ्या मांसल भागाला तो पेशी म्हणतो. मराठीने यांपैकी पेशी हा शब्द जीवशास्त्रातल्या सूक्ष्म घटकासाठी घेतला आणि मांसल भागाला स्नायू म्हटले. बंगालीत स्नायू म्हणजे मेंदूकडून येणारा तंतू, आणि हिंदीतही ‘स्नायु तंत्र’ म्हणजे आपली चेतासंस्था. त्यामुळे हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी लिहिणाऱ्याच्या हातून तंतूचा स्नायू सहज होऊन जातो. आरोग्यविषयक मराठी लेखनातली ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते आणि वाचकाला शंकाही येत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत या चुकीने आजाराचे स्वरूपच उलटते. चेहऱ्यावरच्या हावभावांचे बहुतेक स्नायू कातडीत येऊन मिळतात, म्हणूनच कपाळाला आठ्या पडतात आणि हसताना गालाला खळी पडू शकते. डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती गोल फिरणारे स्नायू डोळे व ओठ मिटवतात. या सगळ्यांना हुकूम देणारी चेता, म्हणजे मेंदूकडून येणारा तंतू, एकच आहे : मेंदूकडून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी सातवी. ती कानामागच्या हाडाजवळच्या छिद्रातून कवटीबाहेर येते, कानापुढच्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिचे पाच फाटे होऊन कानशील, गालाचा उंचवटा, गाल, जबड्याची कड आणि मान यांच्याकडे जातात. तिला सूज आली किंवा ती दबली की त्या बाजूचा डोळा मिटत नाही, पाणी ओठांतून ओघळते आणि तोंड निरोगी बाजूला ओढले जाते. स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये या चेतेविषयी लिहिले आणि त्यांचेच नाव या आजाराला पडले. आयुर्वेदात तोंड वाकडे होण्याला अर्दित म्हणतात आणि आपल्याकडे ‘तोंडावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. येथे स्नायू मुळात शाबूत असतात, त्यांच्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही. म्हणून ‘चेहऱ्याचे स्नायू लुळे पडतात’ हे लक्षणाचे वर्णन म्हणून चालेल, पण ‘स्नायू निकामी होतात’ हे चालणार नाही.

‘चेहऱ्याची नस’ म्हटल्यानेही भागत नाही, कारण चेहऱ्याच्या स्पर्शाचे आणि वेदनेचे काम पाचवी चेता करते. तिच्या तीन शाखा साधारणपणे कपाळ, गाल व वरचा ओठ आणि खालचा जबडा अशी वाटणी करून घेतात. जबड्याच्या कोनावरची कातडी तेवढी मानेतून आलेल्या चेतेकडे असते. या पाचव्या चेतेचा विकार झाला तर दात घासताना किंवा दाढी करताना विजेचा झटका बसावा तशी कळ येते, परंतु तोंड वाकडे होत नाही. चावण्याचे स्नायू मात्र हीच चेता हलवते, त्यामुळे सातवी चेता दुबळी झालेला माणूसही घास चावू शकतो, फक्त तो गालात साचून राहतो. दोन्ही रुग्णांना ‘नस दुखावली’ एवढेच सांगितले, तर ते एकमेकांच्या आजाराला आपला समजतील.

आता खोकेविषयी. कवटीवरच्या आवरणाचे पाच थर असतात, आणि त्यांपैकी दुसऱ्या, चिवट तंतूंच्या थरात रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंती आजूबाजूच्या तंतूंना घट्ट चिकटलेल्या असल्यामुळे त्या कापल्यावर आक्रसत नाहीत आणि लहानशा जखमेतूनही रक्त भळाभळा वाहते. म्हणून मुलाच्या बाबतीत ‘रक्तवाहिनी तुटली’ असे म्हणणे योग्य. रक्त उसळून येत असेल तर ती धमनी असण्याचा संभव अधिक. कानाच्या अगदी पुढे, कानशिलावर बोट ठेवले की ठोका लागतो तीही धमनीच, तिला शीर म्हणू नये. नाकाजवळची पुळी दाबू नये असे सांगतात, तिथे मात्र शीर हाच शब्द हवा, कारण चेहऱ्याच्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून कवटीच्या आतल्या रक्तमार्गांना जोडलेल्या आहेत आणि संसर्ग त्या वाटेने आत जाऊ शकतो.

या संपूर्ण आवरणाला मराठीत रुळलेला एक शब्द नाही. जाहिरातींत टाळू म्हणतात, पण टाळू म्हणजे डोक्याचा माथा आणि तोंडाच्या आतले छतही. म्हणून ‘डोक्याची त्वचा’ किंवा थरांसकट म्हणायचे असल्यास ‘कवटीवरचे आवरण’ असे लिहावे.

लेखनात माझा आग्रह असा राहील : हृदयाकडून रक्त नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शीर, दोन्हींना मिळून रक्तवाहिनी, आणि मांसल तो स्नायू. जुन्या पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हटलेले आढळते, तेही निर्दोष आहे. मेंदूकडून येणाऱ्या तंतूसाठी मज्जातंतू हा शब्द सर्वांना समजतो, परंतु मज्जा म्हणजे हाडांतला मगज, त्यामुळे शालेय पुस्तकांतला चेता हा शब्द मला अधिक स्वच्छ वाटतो. नस हा शब्द बोलण्यात आणि ‘दुखरी नस’ अशा प्रयोगांत खुशाल असावा.

प्रश्नाच्या ओघात एका ठिकाणी ‘शिरावरची जखम’ आणि ‘शिरावरचा दाब’ असे दोन प्रयोग आले आहेत. डोके या अर्थाचा शिर हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्याचे सामान्यरूप शिरा, म्हणून ‘शिरावरची जखम’ बरोबर. शीर स्त्रीलिंगी आहे आणि तिचे सामान्यरूप शिरे, म्हणून तिच्या बाबतीत ‘शिरेवरचा दाब’ असे लिहायला हवे.