पत्ते वाटायच्या आधीच रमीचे सगळे नियम?

प्रश्न : आम्ही मित्र ३ वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्टीतलं आपापलं पात्र, म्हणजे कॅरेक्टर, खेळवायचा खेळ) खेळतोय. परवा मामेबहीण आणि तिच्या दोन मैत्रिणींना शिकवायला बसलो, तर नुसती कॅरेक्टरं बनवण्यातच अडीच तास गेले आणि एक जण मोबाईल बघत बसली. एवढे नियम कमी कसे करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे बाबा, रमी शिकवताना आपण आधी पानं वाटतो ना, मग इथेच पुस्तक का उघडलंस? कॅरेक्टरं तूच घरून तयार करून ने. नवख्याला विझर्ड, म्हणजे जादूगार, मात्र देऊ नकोस, पहिल्याच लेव्हलला त्याच्या वहीत ६ मंत्र असतात, वर कँट्रिप, म्हणजे छोटे साधे मंत्र, वेगळे, ते वाचण्यातच संध्याकाळ जाईल, त्यापेक्षा फायटर, म्हणजे लढवय्या, बरा. आणि नियम एकच सांग, २० बाजूंचा फासा टाक, त्यात कॅरेक्टरच्या कागदावरचा आकडा मिळव, सोप्या कामाला १० लागतात, मध्यमला १५, अवघडला २०, झालं. तलवार मारतानाही तेच, फक्त समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, गाठायचा. पकडापकडी, ओझं वगैरेंचे नियम वेळ आली की बघ, आणि नियम आठवला नाही तर ठोकून दे काहीतरी, पुस्तक नंतर चाळ.

आणि सुदैवी आहेस रे तू! १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला असायचा आणि नेम लागला की नाही बघायला वजाबाकी करावी लागायची, २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा कुठे ते उलटं झालं.

त्या मोबाईलवालीला पुढच्या वेळी पहिला फासा टाकायला दे.