चाळून झालेल्या जागेवर पुन्हा डिटेक्टर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका पडक्या घराच्या आवारात मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) फिरवायला मालकांनी लेखी परवानगी दिली आहे. पण तिथे तीन-चार जण आधीच वर्षानुवर्षं फिरून गेलेत. दोन दिवसांत मला मूठभर खिळे आणि बाटलीची दोन बुचं मिळाली. जागा संपली असं समजू का?

उत्तर : खिळे अजून मिळताहेत, म्हणजे जागा संपलेली नाही. आधीच्यांनी बहुधा डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज गाळायची सोय) चढवून, लोखंड गाळून काम केलं. लोखंड गाळलं की कान शांत राहतात, पण खिळ्याच्या कुशीत पडलेलं नाणंही त्याच शांततेत जातं.

कॉइलला, म्हणजे यंत्राच्या जमिनीवरून फिरणाऱ्या तबकडीला, खालचा एक बिंदू दिसत नाही, जमिनीचा एक पट्टा दिसतो. 11 इंची, म्हणजे 28 सेंमीच्या कॉइलखाली जुन्या घराच्या आवारात एका वेळी चार-पाच खिळे सहज येतात. त्यांच्यात नाणं असेल तर यंत्राला सगळ्यांचा मिळून एकच सिग्नल पोचतो आणि त्यात लोखंडाचं पारडं जड असेल तर यंत्र गप्प बसतं. शिवाय एक वस्तू नाकारून पुढची ऐकायला यंत्राला क्षणभर वेळ लागतो. कॉइल वेगात असेल तर नाणं त्या क्षणातच निघून जातं.

हे घरी करून बघा, अर्धा तास पुरेल. खिळे नसलेली एक लाकडी फळी घ्या. मधोमध नाणं चिकटवा. त्याच्या चारही बाजूंना, 3-4 सेंमी अंतर सोडून, 6-7 सेंमी लांबीचा एकेक लोखंडी खिळा आडवा चिकटवा. फळी अंगणात मातीवर ठेवा. घरातल्या फरशीवर नको, स्लॅबमधल्या सळया सगळा घोळ करतात. ठेवण्याआधी खालची माती साफ आहे ना, तेही यंत्रानेच तपासा. आता कॉइल फळीच्या 5 सेंमी वरून फिरवा : एकदा लोखंड पूर्ण गाळून, एकदा डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणून. मग फळी थोडी थोडी फिरवत दर वेळी पुन्हा ऐका. एका दिशेने नाणं स्वच्छ बोलतं, तर दुसऱ्या दिशेने तिथे नाणं आहे यावर विश्वास बसत नाही. आवारात नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त तिथे फळी फिरवता येत नाही, आपल्यालाच फिरावं लागतं.

म्हणून आवारात जाताना 5 किंवा 6 इंची कॉइल लावा. खोली कमी मिळेल, ती मिळू दे. खिळ्यांच्या गर्दीत मोठ्या कॉइलची खोली नुसती कागदावर असते. डिस्क्रिमिनेशन शून्य. लोखंडाला जाड, खालचा सूर द्या आणि जमत असेल तर त्याचा आवाज कमी करा, पण बंद करू नका. रिकव्हरी स्पीडची (एका वस्तूनंतर पुढची ऐकायला सज्ज होण्याच्या वेगाची) सोय असेल तर वाढवा. थोडी खोली जाते, पण जवळजवळच्या वस्तू वेगळ्या ऐकू येतात. आयर्न बायस (शंकेच्या सिग्नलला लोखंड ठरवण्याचा यंत्राचा कल) असेल तर जवळजवळ तळाला आणा. आणि हात सावकाश : एक मीटरचा झोका पुरा व्हायला दोन सेकंद लागले पाहिजेत. पुढचा झोका आधीच्या झोक्यावर निम्मा तरी चढलेला असावा. लहान कॉइलचा पट्टा अरुंद असतो, पाऊल मोठं पडलं की मधली जमीन कोरीच राहते.

सगळं आवार एकदम घेऊ नका. सुतळीने 3 मीटर बाय 3 मीटरचा चौकोन आखा. त्यात जे वाजेल ते काढा, खिळेसुद्धा, आणि बरोबरच घेऊन जा. मग त्याच चौकोनात काटकोनात दुसरी फेरी आणि शेवटी तिरकी तिसरी. दुसऱ्या फेरीतला सिग्नल पहिल्या वेळीही तिथेच होता, फक्त वरचे दोन खिळे निघाल्यामुळे तो आता उघडा पडला. काम कंटाळवाणं आहे. म्हणूनच आधीच्यांनी ते केलेलं नसतं.

प्रश्न : माझं यंत्र जुनं, एकाच फ्रिक्वेन्सीचं आहे. चाळलेल्या जागेसाठी मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र घ्यावंच लागेल का?

उत्तर : आधी लहान कॉइल घ्या. तिने जेवढा फरक पडतो तेवढा नव्या यंत्रानेही पडेलच असं नाही. मात्र तुमची फ्रिक्वेन्सी कोणती ते बघा. 4 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपास चालणारं यंत्र चांदी, तांबं, जाड नाणी यांना चांगलं पकडतं, पण बारीक, पातळ आणि वीज कमी वाहून नेणाऱ्या वस्तू त्याला अंधुक दिसतात. 15 ते 40 किलोहर्ट्झवर उलट. आधी फिरून गेलेल्यांकडे पहिल्या जातीची यंत्रं असतील, तर मागे काय राहिलं असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा : हातोडीने पाडलेली पातळ नाणी, छोटी बटणं, नाजूक सोनं.

सोन्यावरून एक गोष्ट. वस्तू कोणत्या धातूची असावी याचा अंदाज यंत्र पडद्यावर आकड्याने दाखवतं. लहान अंगठी बहुतेक यंत्रांवर ॲल्युमिनियम फॉइल आणि शीतपेयाच्या डब्याची कडी यांच्याच आकड्यांत वाजते. ज्याने कड्या गाळल्या त्याने अंगठ्याही गाळल्या.

प्रश्न : आकडा 12 वरून एकदम 85 वर उडी मारतो. चांदी म्हणून खणलं तर गंजका बिजागर निघालं. असं तीनदा झालं. कसं ओळखायचं?

उत्तर : सपाट, भोक असलेलं किंवा वाकलेलं लोखंड हा जुना ठक आहे. बिजागर, वॉशर, कुलपाची पट्टी यांच्यात प्रवाह गोल फिरतो आणि यंत्र त्याला चांदी समजून बसतं. खणण्याआधी तीन गोष्टी करा.

सिग्नलभोवती 90 अंशांनी फिरून पुन्हा झोका घ्या. नाणं दोन्ही बाजूंनी साधारण तसंच, गोल आणि भरीव वाजतं. लोखंड एका बाजूने गातं आणि दुसऱ्या बाजूने गुरगुरतं किंवा तुटक होतं. मग दोन्ही दिशांनी पिनपॉइंट करा, म्हणजे वस्तूचा नेमका मध्य शोधा. नाण्याचा मध्य दोन्ही वेळा एकाच जागी येतो; लांबट लोखंडाचा 5-7 सेंमी सरकतो. शेवटी झोका लहान करत आणा, 10-15 सेंमीपर्यंत. उंच सूर त्यातही टिकला तर खणा. नुसता झोक्याच्या टोकाला, कॉइल वळतानाच चिरकत असेल तर तो बहुधा खिळा.

पण ही कसोटी गर्दीच्या जागी डोळे मिटून लावू नका. खिळ्याला लागून असलेलं नाणंही एकाच दिशेने वाजतं, ते फळीवर पाहिलंतच. म्हणून आमचा नियम असा : एका दिशेचा सूर आखूड, स्वच्छ आणि दर झोक्याला त्याच जागी येत असेल तर खणायचं. चाळलेल्या जागी राहिलेलं बरंच काही अशाच अर्धवट सिग्नलमध्ये असतं. आणि खोल गेलेल्या वस्तूचा आकडा फार मनावर घेऊ नका. लोहयुक्त मातीत खोलवरचं तांब्याचं नाणंही लोखंडाच्या आकड्यांकडे घसरतं.

प्रश्न : आधीच्यांपेक्षा खोल जाण्यासाठी सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवतो. यंत्र सतत कुरकुरतं. तसंच चालू द्यायचं का?

उत्तर : नाही. त्या कुरकुरीतच खोलचा क्षीण सूर बुडतो. कुरकूर थांबेपर्यंत एकेक घर खाली या.

खोली खरी वाढते ती कॉइल जमिनीलगत ठेवल्याने. कॉइलने पाठवलेलं क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं आणि वस्तूकडून परत येणारंही तसंच. म्हणजे कॉइलच्या त्रिज्येपेक्षा बऱ्याच खोल वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येतो. नाणं 20 सेंमीवर असेल आणि 11 इंची कॉइल तुम्ही 5 सेंमी उंच धरलीत, तर निम्म्याहून अधिक सिग्नल तिथेच गेला. गवत वाढलं असेल तर आधी मालकांना विचारून ते कापा. झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते ना, तेही कुणाला तरी आपल्याकडे बघायला सांगून तपासा. आपलं आपल्याला कळत नाही.

ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वगळायची जुळणी) धातू नसलेल्या जागी करा. कॉइल जमिनीपासून 2-3 सेंमी ते 15-20 सेंमी अशी सरळ वरखाली हलवा आणि आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स जुळवा. माती बदलली, ओल बदलली की पुन्हा. आपोआप बॅलन्स करणारी ट्रॅकिंगची सोय चाळलेल्या जागी बंद ठेवलेली बरी : एकाच क्षीण सिग्नलवर पुन्हा पुन्हा झोके घेतले की काही यंत्रं त्यालाच माती समजून पुसून टाकतात.

कॉइल हवेत स्थिर धरूनही कुरकूर असेल तर दोष मातीचा नाही, विजेच्या तारांचा किंवा खिशातल्या मोबाइलचा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, यंत्रातलं नॉइज कॅन्सल चालवा किंवा फ्रिक्वेन्सी बदला. आणि हेडफोन लावा. क्षीण सूर उघड्या स्पीकरवर वाऱ्यात हरवतो.

प्रश्न : त्याच जागेवर पुन्हा कधी जावं?

उत्तर : चांगला पाऊस मुरून एक-दोन दिवस झाले की. ओल्या मातीत नाणी बहुधा अधिक खोलवरून बोलतात. खारट माती मात्र ओली झाली की यंत्र बिथरतं, तिथे उलट करा.

शेत असेल तर दर नांगरटीनंतर. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये जुलै 2009 मध्ये एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा मोठा साठा सापडला. पुरातत्त्वज्ञांनी ते शेत खणून, तपासून काम पुरं केलं. नोव्हेंबर 2012 मध्ये ते पुन्हा नांगरलं गेलं आणि त्याच शेतात आणखी 91 तुकडे निघाले. नांगराने माती उलटली की उभं पडलेलं नाणं आडवं होतं, खालचं वर येतं. उभं नाणं कॉइलला नुसती कड दाखवतं, म्हणून ते आधी सुटलेलं असतं.

प्रश्न : वरचा 10-15 सेंमीचा थर फावड्याने काढून खाली शोधलं तर?

उत्तर : न नांगरलेल्या जागी अजिबात नको, मालकांनी हो म्हटलं तरी. तिथे मातीचे थर जसेच्या तसे असतात आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती यावरूनच तिचा काळ ठरतो. थर फावड्याने गेला की ती माहिती गेली. नांगरलेल्या शेतातही नांगर जातो तेवढ्याच खोलीत काम करा. त्याखाली वस्तूंचा ढीग लागला तर हात थांबवा, फोटो काढा, जागा झाका आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. संरक्षित स्थळ असेल तर यंत्र गाडीतून काढूच नका.

प्रश्न : हिरवळीवर खड्डे दिसले म्हणून मालक नाराज झाले. नीट कसं खणायचं?

उत्तर : पिनपॉइंट करून मध्य पक्का करा. त्याभोवती सुमारे 15 सेंमी रुंद घोड्याच्या नालेसारखा काप घ्या आणि एक बाजू न कापता ठेवा. ती बिजागरीचं काम करते, मुळं जिवंत राहतात. गवताचा गड्डा उलटा, सुटी माती शेजारी अंथरलेल्या कापडावर घ्या. वस्तू निघाली की खड्ड्यावरून पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा शोधक) आणि मग कॉइलही फिरवा. हे बहुतेक जण टाळतात, आणि पहिल्या वस्तूखालची दुसरी तिथेच राहते. आधीच्यांच्या बुजवलेल्या खड्ड्यांवरूनही कॉइल न्या, त्याच कारणाने. कापड उचलून माती परत ओता, गड्डा बसवा, पायाने दाबा, कोरडे दिवस असतील तर बाटलीभर पाणी घाला.

नाणं बोटाने चोळू नका. मातीतले वाळूचे कण काचकागदासारखे ओरखडे काढतात. तसंच डबीत ठेवा, घरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजू द्या.

प्रश्न : जुन्या युद्धभूमीजवळच्या शेतात गंजलेली, टोकदार, जड नळी लागली. आधीच्या कुणीतरी ती अर्धी उकरून सोडली होती. काढू का?

उत्तर : नको. तोफगोळा किंवा बॉम्ब जुना झाला, गंजला म्हणजे निकामी झाला असं नसतं. आतली दारू काळाने अधिक नाजूकही झालेली असू शकते. हलवू नका, घासू नका, तिच्यावर पुन्हा कॉइल फिरवू नका. काही अंतरावर ठळक खूण करा, आल्या वाटेने मागे फिरा, इतरांना लांब ठेवा आणि पोलिसांना फोन करा. खड्डा बुजवूही नका, नाहीतर येणाऱ्यांना ती नळी नव्याने उकरावी लागेल.