डोंगर रंगवायला घेतलेस, तर आधी एवढंच

तुझं डोंगरांचं जलरंगातलं चित्र बघितलं. हात चांगला आहे, कागद मात्र साथ देत नाही. ड्रॉइंगच्या वहीचा कागद पाण्याने फुगतो आणि आपण स्वतःलाच दोष देत बसतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जलरंगासाठीच्या जाड कागदाचा, एक ताव आण, कापून तुकडे कर.

बेळगावकडच्या जांबोटीहून कणकुंबीकडे घाटातून जाताना एकदा थांबून बघ. शेवटची रांग आभाळात जवळजवळ विरलेली असते, तिच्या अलीकडची जरा निळी, आणि खरं हिरवं फक्त समोरच्या झाडीत. तू सगळ्याच डोंगरांना एकच हिरवा फासलास, म्हणून ते एकमेकांना चिकटले.

लांबच्या रांगेला भरपूर पाण्यातला अल्ट्रामरीन (गडद निळा), त्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). ती पूर्ण वाळली की मगच पुढची. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघ, गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वाळता वाळत नाही. मी सरळ हेअर ड्रायर लावते.

- वाळल्यावर रंग फिका होतो, तेव्हा थोडा गडदच लाव.
- ढग म्हणजे कोरा सोडलेला कागद. पांढरी ट्यूब सध्या बंद.
- अर्धवट ओल्या जागी ओला ब्रश परत नेऊ नकोस, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात.

राजहंसगडाचे बुरूज नंतर. आधी पोस्टकार्डाएवढी पाच-सहा चित्रं कर, प्रत्येकात फक्त तीन रांगा, आणि दाखव.