चिनी औषधांनी नाकातले पॉलिप जातात का?

पॉलिप म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठी; त्या चिनी औषधांनी विरघळतात असा भक्कम पुरावा नाही. चोंदलेल्या नाकासाठी चीनमध्ये सोंग राजवटीपासूनचं (दहावं ते तेरावं शतक) एक चूर्ण देतात, ‘त्सांग-अर-त्झु सान’: शंकेश्वराची फळं, मॅग्नोलियाच्या कळ्या, बाइ-झी नावाच्या वनस्पतीचं मूळ आणि पुदिना. शंकेश्वर आपल्याकडेही रस्त्याकडेला माजतं, पण म्हणून तोडून उकळू नका! कच्च्या फळातलं विष यकृतावर जातं. तिकडचे वैद्यही ती भाजूनच वापरतात. अ‍ॅक्युपंक्चरने अ‍ॅलर्जीच्या शिंका थोड्या कमी होतील, पॉलिप नाही. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे नेटाने काही आठवडे चालू ठेवा. नाहीच ओसरलं तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. एकाच नाकपुडीत गाठ असेल किंवा रक्त येत असेल, तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.