सगळ्या गाड्या सारख्या असतील, तर हौशी शर्यत चालक जिंकतो की सेटअप?

आपण विचारले आहे की एकाच मॉडेलच्या, एकाच नियमावलीत बसवलेल्या गाड्यांच्या हौशी शर्यतीत निकाल कौशल्यावर ठरतो की सेटअपवर, म्हणजे चाके, स्प्रिंगा आणि वजनाची वाटणी यांच्या जुळवणीवर, आणि सेटअपच्या मागे लागणे ही एक प्रकारची पळवाट नव्हे काय. पहिल्या भागाचे टक्केवारीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला बोलायचे आहे, कारण ‘हा गाडी चालवत नाही, जुळवतो’ हा शेरा मी माझ्याच पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, ऐकत आलो आहे.

तो शेरा मारणारे गृहस्थ आमच्या शर्यत-वर्गातले ज्येष्ठ चालक आहेत. एका शर्यतीनंतर त्यांनी माझ्या इंजिनाविरुद्ध लेखी हरकत नोंदवली. हेड उतरवले गेले, कॉम्प्रेशन आणि कॅमशाफ्ट तपासले गेले, आणि सारे नियमात निघाले. तरीही त्यांचे समाधान होईना, कारण लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी माझी गाडी त्यांच्यापेक्षा ताशी चार किलोमीटर पुढे असते, हा त्यांच्या मते पुरेसा पुरावा होता. शेवटी मी दोघांच्या डेटा लॉगरच्या, म्हणजे गाडीचा वेग क्षणोक्षणी टिपणाऱ्या यंत्राच्या, नोंदी एकावर एक ठेवून त्यांना दाखवल्या. पट्ट्याच्या शेवटी चार किलोमीटरचा फरक होता हे खरे, पण त्याआधीच्या उजव्या वळणातून बाहेर पडतानाच तो सहाचा होता आणि पट्टाभर कमी होत गेला होता. इंजिनाची तुलना करायची तर एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाला, पुढच्या गाडीचा ड्राफ्ट (तिच्या आडोशाने हवेचा कमी झालेला विरोध) मिळत नसताना दोन्ही गाड्या किती जोराने वेग घेतात ते पाहावे लागते, आणि तिथे दोन्ही रेषा एकमेकींवर बसत होत्या. फरक थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर कधी दाबला याचा होता: गाडीचे नाक वळेपर्यंत त्यांना थांबावे लागत होते, आणि मी तोवर थ्रॉटल उघडलेला असे.

त्यांची गाडी उजव्या वळणात अंडरस्टिअर करते, म्हणजे तिचे नाक हवे तितके वळत नाही, आणि डाव्या वळणात मागून सुटते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ते स्वतः याला ट्रॅकचा स्वभाव म्हणत. त्यांना सीटवर बसवून गाडी चार काट्यांवर, प्रत्येक चाकाखाली एक, अशी घेतली, तेव्हा डावे पुढचे आणि उजवे मागचे चाक मिळून निम्म्याऐवजी 53 टक्के वजन पेलत होते, आणि दोन्ही बाजूंच्या वळणांतला फरक त्यातूनच येत होता. हे दुरुस्त करायला नवा सुटा भाग लागत नाही. अँटी रोल बारची (वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवायची, टायरमधली हवा सारखी करायची आणि स्प्रिंगच्या बैठका थोड्या थोड्या फिरवत जायच्या. एका चाकावरचे वजन कमी केले की तिरक्या कोपऱ्यातल्या चाकावरचेही कमी होते, एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी मात्र तशीच राहते. एका संध्याकाळचे काम आहे. ‘मी चालक आहे, मेकॅनिक नाही,’ असे म्हणून त्यांनी ते नाकारले, आणि पुढच्याच बैठकीत असा प्रस्ताव मांडला की कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि गाडीची उंची यांचे एकच माप ठरवून सर्वांच्या गाड्यांना सील ठोकावे.

न्यायाच्या नावाखाली मांडलेला हा प्रस्ताव मला आजही अन्यायकारक वाटतो. नियमावली सुट्या भागांचे नंबर सारखे ठेवते. एकाच नंबरच्या दोन स्प्रिंगा मोजल्यास तंतोतंत सारख्या निघत नाहीत, जुन्या बॉडीशेलने कुठे ना कुठे धक्का खाल्लेला असतो, आणि पन्नास किलोचा चालक व नव्वद किलोचा चालक एकाच सीटवर बसले तर गाडीचा तोल एकसारखा राहत नाही. हे फरक भरून काढण्यासाठीच तर अ‍ॅडजस्टमेंट दिलेली असते. अमेरिकेतल्या स्पेक मिआटा या, माझदाच्या एकाच छोट्या मॉडेलच्या आणि एकाच नियमावलीच्या (म्हणून ‘स्पेक’) वर्गात 1.6 आणि 1.8 लिटरची इंजिने एकत्र धावतात, आणि किमान वजन व इंजिनात जाणारी हवा रोखणारी रिस्ट्रिक्टर प्लेट वापरून त्यांचा मेळ घालावा लागतो. म्हणजे स्पेक म्हणवणाऱ्या वर्गातही समानता जुळवूनच आणावी लागते.

सेटअपवाल्यांना गाडी हाकता येत नाही, या समजुतीला तर आधारच नाही. 1973-74 च्या पहिल्या इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्समध्ये सर्वांना सारख्या पोर्श गाड्या दिल्या होत्या, आणि ती मालिका मार्क डोनोह्यूने जिंकली, जो मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पदवीधर होता आणि गाडी जुळवण्याच्या चिकाटीसाठीच ओळखला जात असे.

हे सारे मान्य केले तरी पैसा निष्पाप ठरत नाही. प्रत्येक क्वालिफाइंगला (शर्यतीचा सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीला) नवे टायर घेणारा आणि मुभेच्या टोकापर्यंत नेमके मोजून बांधलेले इंजिन विकत घेणारा, हे दोघेही नियमात राहूनच पुढे जातात, आणि तिथे माझा पाना कामाला येत नाही. किमान वजनात चालक धरला असला तरी ज्याचा भार त्या आकड्यापलीकडे जातो त्याला कोणतीही भरपाई मिळत नाही, उलट हलक्या चालकाला बॅलास्ट, म्हणजे वजन भरून काढण्याचा जादा भार, हव्या त्या जागी, अगदी तळाशी बसवता येतो. खरी तक्रार करायची असेल तर टायरच्या संख्येवर मर्यादा घाला आणि किमान वजन वाढवा, असे म्हणावे.

आपण नवीन असाल, तर गाडी एकदा स्वतःला बसवून तोलून घ्या, अलाइनमेंट करून घ्या, आणि मग पूर्ण हंगाम तिला हात न लावता फक्त चालवा. तेवढ्या काळात लॅप टाइममध्ये जी सुधारणा होईल ती तुमची स्वतःची असेल. हरकतही अवश्य नोंदवा, तो तुमचा हक्क आहे. मात्र अर्ज भरण्यापूर्वी दोघांच्या नोंदी वळणात शिरण्याच्या बिंदूपासून लावून पाहा, पट्ट्याच्या शेवटी दिसणाऱ्या आकड्यापासून नव्हे.