पहिल्यांदा बेरी सिरप करतोयस? आधी हे वाच

अरे, बेरी आहेत म्हणजे हेल्दीच असणार हे आधी डोक्यातून काढ, सिरप म्हणजे शेवटी साखरच, फायबर बहुतेक गाळणीत राहतं आणि व्हिटॅमिन सी उकळताना बरंचसं जातं. रंग देणारी अँथोसायनिन्स मात्र बऱ्यापैकी टिकतात, थोडं लिंबू पिळून बघ, जांभळट रस क्षणात लालचुटुक होतो (मला अजूनही मजा वाटते). रस नि साखर समान वजनाने घे, आच मंदच ठेव. गाळताना फडकं पिळू नकोस हां, मी घाईत पिळलं आणि सगळं गढूळ झालं. चोथा फेकू नको, दह्यात ढवळ. पॅनकेकवर, सोड्यात तर सगळेच घालतात, पण चमचाभर सिरप व्हिनेगर आणि तेलात फेटून सॅलडवर घाल एकदा, भारी लागतं.